भरमार बंदूक: घरी बनवली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, शेतराखणीसाठी मात्र परवान्याची सोय, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात कायदा काय सांगतो?

यूट्यूबवर 'मझललोडर' असं शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ एकामागोमाग येऊ लागतात. कुणी घरच्या गॅरेजमध्ये बंदुकीचा लाकडी दस्ता तासतंय, कुणी सुट्या भागांचा विकतचा संच जोडतंय, तर कुणी घोडा नळीच्या खाली बसवलेली 'अंडरहॅमर' बंदूक कौतुकाने दाखवतंय. पाहणाऱ्याला वाटतं, दोनशे वर्षांपूर्वीचं तंत्र आहे, छंद म्हणून केलं तर काय बिघडलं? शोभेच्याच वस्तूला कसला आलाय परवाना?

भारतात हा समज थेट तुरुंगात नेऊ शकतो. आणि महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात, हीच बंदूक छंदाचा नाही तर पोटाचा विषय आहे. इथे तिला 'भरमार' म्हणतात. शिकारीच्या गुन्ह्यांत ती सापडते, माओवाद्यांच्या शस्त्रसाठ्यात ती सापडते, आणि रानडुकरांपासून धान वाचवण्याची चर्चा निघाली की तिचंच नाव पुढे येतं.

गंमत म्हणजे देशाचा शस्त्र कायदा या बंदुकीला एकीकडे कुठलीही सवलत देत नाही आणि दुसरीकडे शेतकऱ्यासाठी तिचाच खास उल्लेख करतो. हे नेमकं काय प्रकरण आहे, समजून घेऊ.

भरमार म्हणजे कोणती बंदूक?

नावातच कृती आहे: भरा आणि मारा. आजच्या बंदुकीत काडतूस मागून घालतात. भरमारमध्ये सगळं तोंडाकडून जातं. आधी नळीत दारू ओतायची, मग कापड किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, आणि लांब गजाने ते घट्ट ठासायचं. म्हणूनच कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात हिला 'ठासणीची बंदूक' म्हणतात. सरकारी परवान्यावर हीच 'एसबीएमएल' होते, म्हणजे एका नळीची, तोंडाकडून भरायची बंदूक.

दारू पेटवायची पद्धत काळानुसार बदलत गेली. सुरुवातीला जळता तोडा, नंतर चकमक, आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याची छोटी 'टोपी'. घोडा आपटला की टोपीतला मसाला पेटतो आणि ठिणगी नळीत जाते. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याच्या या कल्पनेचं पेटंट १८०७ मध्ये स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी घेतलं होतं. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती एनफिल्ड रायफलही तोंडाकडूनच भरायची.

'अंडरहॅमर' ही याच टोपीच्या बंदुकीची एक जात. तिचा घोडा नळीच्या वर किंवा बाजूला नसून खाली असतो. १८३० च्या दशकापासून अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात या बंदुका बऱ्याच बनल्या. व्हर्माँट राज्यातल्या विंडसर गावचे निकॅनॉर केंडॉल हे त्यातलं ठळक नाव. फायदे साधे होते: भाग कमी, नेम धरताना डोळ्यांसमोर घोडा नाही, आणि टोपीचा भडका चेहऱ्यापासून लांब. भाग कमी म्हणून ती तिथल्या हौशी कारागिरांची आजही आवडती आहे.

अमेरिकेत चालतं, मग इथे का नाही?

कारण दोन्ही देशांत 'बंदूक' या शब्दाची व्याख्याच वेगळी आहे.

अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय गन कंट्रोल ॲक्टमध्ये 'जुन्या शस्त्रां'ना नेहमीच्या बंदुकांच्या नियमांतून वगळलंय. १८९८ किंवा त्याआधी बनलेली शस्त्रं, त्यांच्या ठरावीक प्रतिकृती आणि तयार काडतूस न वापरता काळ्या दारूवर चालणाऱ्या तोंडभरणीच्या बंदुका त्यात येतात. काही राज्यांचे नियम कडक आहेत, पण केंद्रीय कायद्याच्या लेखी हा बहुतांशी छंद आहे.

भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अशी मोकळीक नाही. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी बनवलेलं कुठलंही शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र, इतकी ती व्याख्या रुंद आहे. बंदूक दोनशे वर्षांपूर्वीच्या नमुन्याची आहे की कालची, याने फरक पडत नाही. बंदुकीचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्रीही याच व्याख्येत येते. म्हणजे 'मी फक्त नळी आणि घोडा मागवला' हा बचाव टिकणारा नाही.

जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती अगदी बारीक खिडकीएवढी. कलम ४५ नुसार कालबाह्य नमुन्याचं, पुरातन मूल्याचं किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्याबाहेर राहतं, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. वाड्याच्या भिंतीवरची गंजून नळी फुटलेली बंदूक त्यात बसेल. तेल घालून चालू होणारी बसणार नाही.

शिक्षा किती?

इथे दोन गुन्हे वेगळे समजून घ्यायला हवेत: बंदूक बाळगणं आणि बंदूक बनवणं.

• विनापरवाना बाळगणं: कलम ३ चा भंग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद, शिवाय दंड.

• विनापरवाना बनवणं, विकणं, दुरुस्त करणं: कलम ५ चा भंग. आधी यासाठी ३ ते ७ वर्षं कैद होती. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या दुरुस्तीनंतर ती किमान ७ वर्षं ते थेट जन्मठेप झाली.

'दुरुस्त करणं' हा शब्द नीट वाचा. गावातल्या लोहाराने कुणाच्या विनापरवाना भरमारचा सैल झालेला घोडा नीट करून दिला, तरी तो याच दुसऱ्या गटात येतो. बंदूक बाळगणाऱ्यापेक्षा ती नीट करून देणाऱ्याची शिक्षा मोठी, हे अनेकांना अटक होईपर्यंत माहीत नसतं.

दारूचा हिशेब वेगळा. ती परवान्याशिवाय तयार करणं, साठवणं हा स्फोटक कायद्यांखाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो.

शेतकऱ्यासाठीची ती तरतूद

आता नाण्याची दुसरी बाजू. शस्त्र कायद्याच्या कलम १३(३) मध्ये परवाना अधिकाऱ्याने कुणाला परवाना 'द्यावा' हे सांगितलंय. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. पहिली, संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक. दुसरी, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी तोंडाकडून भरायची बंदूक.

म्हणजे १९५९ मध्ये कायदा करणाऱ्यांना शेतकऱ्याच्या हातात भरमार दिसत होती आणि तिच्यासाठी त्यांनी मुद्दाम जागा ठेवली. पुढे असंही म्हटलंय की पीकरक्षणाला भरमार पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येईल.

अर्जदाराच्या बाजूने आणखी काही तरतुदी आहेत, ज्यांची चर्चा फारशी होत नाही:

• अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही.

• नकार दिला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास ती सांगावी लागतात. सार्वजनिक हिताचं कारण असेल तरच याला अपवाद.

• नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येतं.

अट अशी की वय २१ पूर्ण हवं, पोलिसांचा अहवाल येतो आणि सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षेच्या कारणावरून परवाना नाकारला जाऊ शकतो. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत, शेतसंरक्षणाचे बंदूक परवाने ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. निवडणूक आली की या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायच्या का, यावर तिथे दरवेळी वाद होतो.

मग गोंदियात ही वाट अरुंद का?

दोन कारणं आहेत. एक वाघाचं, एक माओवाद्यांचं.

पहिलं कारण वाघ. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही अभयारण्यं मिळून तो गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलाय. हे जंगल एकसलग नाही. मध्ये गावं आहेत, धानाच्या बांध्या आहेत, तलाव आहेत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३४ सांगतं की अभयारण्याच्या १० किलोमीटर परिघात नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. अभयारण्य जाहीर झाल्यावर या परिघातल्या जुन्या परवानाधारकांनाही वन विभागाकडे नोंदणी करावी लागते. आता नकाशावर या अभयारण्यांभोवती १० किलोमीटरची रेघ ओढून पाहा. गोरेगाव, तिरोडा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली कित्येक गावं तिच्या आत येतात. रानडुकरांचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो जंगलाला खेटलेल्या शेतांना, आणि परवाना सगळ्यात अवघड तोही तिथेच.

वन विभागाची भीती निराधार नाही. पीक राखायला घेतलेली बंदूक चितळ, सांबरावर वळायला वेळ लागत नाही. शिवाय २०२३ आणि २०२४ मध्ये ब्रह्मपुरी भागातून पकडलेल्या वाघिणी नागझिऱ्यात सोडून इथली वाघांची संख्या वाढवायचा प्रयत्न झालाय. त्या जंगलाच्या काठावर बंदुका वाढाव्यात असं कुठलाही वन अधिकारी म्हणणार नाही.

दुसरं कारण माओवाद. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हा पट्टा छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाला लागून आहे. शेजारी गडचिरोली आहे. माओवाद्यांच्या वरच्या फळीकडे लुटलेल्या रायफली असत, पण गावपातळीवरच्या मिलिशियाच्या खांद्यावर बहुधा भरमारच दिसे. त्यामुळे अशा गावात भरमार सापडली की पोलिसांना तिच्यामागे शेतकरी आहे की शिकारी की मिलिशियाचा माणूस, हा प्रश्न पडायचा. अशा परिस्थितीत नव्या परवान्यासाठी अनुकूल अहवाल मिळणं सोपं नव्हतंच.

आता चित्र बदलतंय. केंद्राने माओवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. गडचिरोली पोलिसांच्या आवाहनानंतर गावकऱ्यांनी घरातल्या भरमार स्वतःहून आणून दिल्याच्या घटनाही घडल्यात. म्हणजे बंदुका परत येतायत. पण ज्या डुकरांसाठी त्यातल्या काही घरात होत्या, ती डुकरं शेतात येतच आहेत.

परवाना मिळाला, मग रानडुक्कर मारता येतं का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

बार काढून डुकरांचा कळप हुसकावणं वेगळं आणि जनावर मारणं वेगळं. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. ते उभ्या पिकाला धोकादायक ठरलंय असं मुख्य वन्यजीव रक्षकाचं किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचं मत झालं, तर कलम ११ खाली लेखी परवानगीने मारता येतं. म्हणजे शेतकऱ्याला दोन परवानग्या लागतात: बंदुकीची महसूल-पोलिस यंत्रणेकडून आणि जनावराची वन विभागाकडून. मारलेलं जनावरही शेतकऱ्याचं होत नाही, ती सरकारी मालमत्ता असते.

अंगावर आलेल्या जनावराला जीव वाचवण्यासाठी मारलं तर तो गुन्हा ठरत नाही. पण त्या वेळी तुम्ही मुळात बेकायदा शिकारीला गेला असाल तर हे संरक्षण मिळत नाही.

आदिवासी समाजात पारधीची परंपरा आहे, मग वनहक्क कायद्याने तो हक्क मिळत नाही का? तेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज, चराई, मासेमारी अशा अनेक पारंपरिक हक्कांना मान्यता दिली, पण शिकार आणि सापळे लावणं त्यातून स्पष्टपणे वगळलंय.

बंदूक नाही, तर मग करंट

धान निसवल्यापासून कापणी होईपर्यंत जंगलकाठच्या शेतकऱ्याच्या रात्री जागलीत जातात. मचाणावर बसायचं, डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, बॅटरी मारायची. कळप आला तर एका रात्रीत बांधीच्या बांधी तुडवून जातो. खातो त्यापेक्षा लोळून जास्त नासवतो.

कायदेशीर बंदुकीची वाट लांब, आणि जागल करून माणूस थकतो. मग काहीजण दोन शॉर्टकट शोधतात. एक म्हणजे चोरीची भरमार. दुसरा म्हणजे विजेच्या खांबावर आकडा टाकून कुंपणात सोडलेला जिवंत करंट. हा दुसरा जास्त भयंकर. भरमार चालवणारा निदान नेम धरतो. तार कुणाला ओळखत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघ मेलेत, बिबटे मेलेत, गुरं मेलीत आणि माणसंही मेलीत. पहाटे बांधावरून जाणारा शेजारी, कधी तार लावणारा स्वतःच. यात वीजचोरीपासून सदोष मनुष्यवधापर्यंतचे गुन्हे लागू शकतात.

भरमारही निर्धोक नाही. गावठी नळी दारूच्या दाबाने फुटली तर डोळा आणि हात सगळ्यात आधी जातो. अंधारात चूक झाली तर जीवच जातो. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्या गटाने रानडुक्कर समजून आपल्याच माणसावर गोळी झाडली. त्यात त्याचा मृत्यू झाला आणि सोबतच्यांनी घटना लपवल्याचं तपासात उघड झालं.

दुसऱ्या राज्यांनी काय केलं?

• केरळ: २०२२ मध्ये सरकारने पंचायत अध्यक्ष आणि नगरपालिका प्रमुखांना रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले. गोळी परवानाधारकानेच झाडायची. निर्णय गावाजवळ आला, हा त्यातला मोठा बदल.

• बिहार, उत्तराखंड: २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर, तर उत्तराखंडच्या काही भागांत रानडुक्कर ठरावीक मुदतीसाठी 'उपद्रवी' जाहीर केले होते.

• कोडगू, कर्नाटक: इथल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून बंदूक परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे.

यातलं कुठलंच मॉडेल गोंदियाला जसंच्या तसं लागू होणार नाही. वाघांच्या भ्रमणमार्गावर रात्री गोळीबाराला मोकळीक देणं धोक्याचं आहे. पण परवानगीचा निर्णय शेताच्या जवळ आणि वेळेत व्हावा, हा केरळचा धडा घेण्यासारखा आहे. धानाचं पीक अर्जावर सही होण्याची वाट पाहत थांबत नाही.

बंदुकीशिवाय कायदेशीर पर्याय कोणते?

• नुकसानभरपाई: वन्यप्राण्यांनी पीक खाल्ल्यास वन विभागाकडे दावा करता येतो. पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवा, फोटो काढा आणि लगेच कळवा.

• सौर कुंपण: डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना अनुदान मिळतं. यात झटका बसतो, जीव जात नाही. करंटच्या तारेत आणि यात फरक तो हाच.

• पीक विमा: केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत अतिरिक्त जोखीम म्हणून घेता येईल. त्यासाठी नुकसान ७२ तासांत ॲपवर नोंदवावं लागेल.

घरात आजोबांची जुनी बंदूक सापडली तर?

आधी रील काढू नका. तिचा परवाना होता का, ते कागदपत्रांत शोधा. परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात ठेवणं आपोआप कायदेशीर ठरत नाही. कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा केल्याची पावती घ्या. वारस स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करू शकतो. २०१९ नंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, त्यात वारशाची बंदूकही मोजली जाते. दुरुस्तीला मात्र गावच्या लोहाराकडे नेऊ नका, तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठीही.

खरा प्रश्न कुठला?

गोंदियात भरमारवर बातमी येते ती बहुतेक वेळा जप्तीची: अमुक गावात इतक्या बंदुका, इतके आरोपी. कारवाई गरजेचीच आहे, कारण त्याच बंदुकीने जंगलातली जनावरं मरतात. पण १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेला कायदेशीर पर्याय जंगलकाठच्या किती गावांत खरंच वापरता येतो, हा प्रश्न जप्तीच्या बातमीत विचारला जात नाही.

माओवादाचं सावट ओसरत असताना आता हा प्रश्न विचारायची वेळ आली आहे. परवाना द्यायचा नसेल तर कारण लेखी द्या, आणि मग कुंपण, भरपाई, विमा यांपैकी काहीतरी कापणीच्या आधी शेतापर्यंत पोहोचवा. यातलं काहीच पोहोचलं नाही, तर शेतकऱ्यासमोर पर्याय उरतात दोनच: लपवलेली भरमार किंवा खांबावरचा आकडा. आणि त्या दोन्हींत मरणारा फक्त डुक्करच असेल, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.